ढेकूळवाल्या ढगे बाई

अन्याय कोणावर झाला? सुमन गंगाधर ढगे यांच्यावर. प्रयोगशाळा सहायक, हंगामी, राहणार पोखर्णीच्या अलीकडची वस्ती. केव्हा झाला? ब्याण्णव सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी सव्वाअकरा वाजता. कुठं? परभणीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, जिथं चपला बाहेर काढून जावं लागे. कोणी केला? विभागप्रमुखांनी. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. भ्यायलो म्हणून नव्हे. हा लेख बाईंचा आहे, आणि त्या गृहस्थांचं नाव आधीच नको तितक्या ठिकाणी लागलेलं आहे.

वाचणारा म्हणेल, झालं तरी काय एवढं? एका फाइलच्या पहिल्या ओळीतलं नाव बदललं, बस. नामांतराच्या वर्षांत या जिल्ह्यातल्या भिंती मी रंगवल्यात, सायक्लोस्टाइलच्या शाईनं चार शर्ट वाया घालवलेत, आणि "नावानं पोट भरतं का?" हा प्रश्न इतक्या पारांवर ऐकलाय की तो विचारणारा माणूस मला चालीवरून ओळखू येतो. त्याचं स्वतःचं नाव दारावर असतं, दुकानावर असतं, शाळेच्या कोनशिलेवर असतं. नावानं काही होत नाही, हे त्याला फक्त दुसऱ्याच्या नावाबद्दल वाटत असतं.

तेव्हा आधी फाइल काय होती ते सांगतो, मग बाई.

बाईंनी एक लायब्ररी लिहिली होती. कपाटातली नव्हे. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारे तयार तुकडे एकत्र बांधून ठेवतात, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. दुसऱ्यानं ते उचलावेत आणि आपल्या प्रोग्रामात वापरावेत. बाईंच्या लायब्ररीचं नाव होतं 'ढेकूळ'. कारण तिच्यात ढेकूळच साठवलेलं असे. काळ्या मातीचं, भेगांसकट.

कसं साठवायचं? सहा सेंटिमीटर लांब, तितकंच रुंद, तितकंच उंच ढेकूळ घ्यायचं. भेगांत पातळ प्लॅस्टर ओतायचं म्हणजे भेगा पांढऱ्या दिसतात. मग हॅक्सॉच्या पात्यानं ते एकेक मिलिमीटर तासायचं. प्रत्येक थरावर ग्राफच्या रेघा छापलेला पारदर्शक कागद ठेवायचा आणि भिंगातून पाहायचं. प्रत्येक बारीक चौकोनात माती असेल तर एक, भेग असेल तर शून्य. साठ आडव्या ओळी, साठ उभ्या, साठ थर. म्हणजे एका ढेकळात दोन लाख सोळा हजार घरं, आणि प्रत्येक घराला एकच प्रश्न.

तो प्रश्न बाई विचारत, "हाय का न्हाई?"

कॉलेजात बाईंचं हे एवढंच वाक्य सगळ्यांना पाठ होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चार पोरं मदतीला बसायचो. एक जण भिंगातून बघून ओरडायचा, "हाय, हाय, न्हाई, हाय", दुसरा एक आणि शून्य दाबत जायचा. व्हरांड्यातून जाणाऱ्या एका पालकानं शिपाई इस्माईलचाचांना विचारलं होतं, आत लिलाव चाललाय का? चाचा म्हणाले, "मिट्टी का हिसाब चलरा साब. आप आगे बढो."

एकदा माझ्या शेजारचा पोरगा अडखळला.

"बाई, इथं अर्धी माती, अर्धी भेग हाय."

"अर्धी मी कुठं ठिवू?"

"थोडी हाय असं लिवा की."

"माझ्याकडं थोडीला घर न्हाई बाबा." बाईंनी पदरात खोवलेली सुई काढली, कागदावरच्या त्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर टोक धरलं. "टोकाखाली काय हाय?"

"माती."

"मग हाय. संपलं. पुढं."

मधोमध सुई टोचायची, टोकाखाली जे असेल ते खरं. हा नियम त्यांनी दोन लाख घरांना लावला आणि तेवढ्यावर न थांबता माणसांनाही लावला. भाजीवाली म्हणाली, मेथी ताजीच म्हणा की, तर बाई जुडी उलटी करून मधली काडी मोडून बघत. कोणी म्हणालं, "येतो, बघतो, जमलं तर," की बाई म्हणत, "म्हंजे न्हाई. तसं सांग ना, मी भाकरी कमी थापते."

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. पोखर्णीहून एसटीनं यायच्या. पर्समध्ये हॅक्सॉचं पातं, भिंग, सुया, फुटपट्टी, आणि या सगळ्याच्या खाली फडक्यात भाकरी. पहिलं ढेकूळ त्यांनी वडिलांच्या वावरातून आणलं. त्या वावरात पाणी एका जागी दोन दिवस तुंबायचं आणि चार पावलांवर बघता बघता गडप व्हायचं. वडील म्हणायचे, जमिनीचा स्वभाव आहे. बाईंना स्वभाव हा शब्द चालत नसे. मातीच्या आत वाट आहे का नाही, आणि ती वरून खालपर्यंत जोडलेली आहे का नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

ते ढेकूळ फुटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, वर पदर धरून त्या एसटीत बसल्या होत्या. कंडक्टर तिकीट फाडायला आला.

"लेकरू केवढं हाय?"

"आजच काढलं."

कंडक्टर दचकला. "आन् एसटीनं घिऊन निघालाव? मावशी, सरका जरा, बाईला खिडकी द्या." सगळी बस हळहळली. एका म्हातारीनं टॉवेलाला हात लावून बघितलं आणि किंचाळली, "आगं बया, गार पडलंय की!"

"मग गारच असणार," बाई म्हणाल्या, "वल्ल्या वावरातलं हाय."

हा किस्सा बाई स्वतः कधी सांगत नसत. मला तो त्याच कंडक्टरनं सांगितला, नंतर चार वर्षांनी, आणि तेव्हाही त्याचा चेहरा पडलेलाच होता.

आता कॉम्प्युटरच्या खोलीचं. सगळ्या कॉलेजात एक कॉम्प्युटर. त्याला कूलर, पडदे, झाकायला मखमली आवरण. आत जाताना चपला बाहेर, धूळ नको म्हणून. आणि बाई अनवाणी आत जाणार, हातात ढेकूळ. इस्माईलचाचांचा जीव अर्धा व्हायचा. "बाई, चप्पल की धूल मना हय, और तुमी पूरा खेत लेके आयलेव?" त्यावर तोड निघाली, ती चाचांनीच काढली. ढेकूळ खिडकीबाहेर ओट्यावर, बघणारा बाहेर, दाबणारा आत. "हाय, न्हाई" खिडकीतून आत जायचं.

पहिल्या खेपेला मशीननं नकार दिला. बाईंनी प्रत्येक घराला एक अख्खा बाइट, म्हणजे आठ खणांची जागा, दिला होता, आणि त्या मशीनला एका वेळी चौसष्ट हजारांहून मोठी यादी पेलत नसे. दोन लाख कुठून पेलणार? आम्ही म्हणालो, ढेकूळ लहान घेऊ. बाई दोन दिवस कागदावर चौकोन काढत बसल्या. तिसऱ्या दिवशी आल्या त्या हसतच.

"एका माणसाला मी अख्खी एसटी द्यायलते रे," म्हणाल्या. "हाय-न्हाई सांगायला येवढी जागा कशाला? एका बाइटात आठ घरं बसतेत."

दोन लाख सोळा हजार घरं सत्तावीस हजार बाइटांत बसली आणि वर निम्म्याहून जास्त जागा उरली. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये भजी दिली. चाचांनाही.

आम्हाला सगळ्यात जड गेले कोपरे. ढेकळाचं चित्र काढायचं तर प्रत्येक घराचे कोपरे लागतात. साठ घरांच्या रांगेला आम्ही साठच रेघा धरल्या आणि चित्राची एक बाजू उघडी पडली, एका भिंतीविना घर. बाईंनी आम्हाला उठवून कॉलेजच्या बागेत नेलं. माळ्यानं कोथिंबिरीचे सहा वाफे पाडले होते.

"वाफे किती?"

"सहा."

"बांध किती?"

"सहा."

"चल बांधावर. बांध मोजत चल."

मी चालत गेलो. सातव्या बांधावर उभा राहिलो तेव्हा माळी शिव्या देत पळत आला आणि बाईंना बघून परत गेला.

"माती वाफ्यात ऱ्हाती, कोपरे बांधावर ऱ्हातेत," बाई म्हणाल्या. "दोघांची यादी येगळी ठिवा. आन् दोन भरल्या घरांच्या मधी भिंत काढू नका. दोघंबी एकाच घरात नांदायलेत, तितं भिंत कशाला? हाय आणि न्हाई जितं भेटतेत तितंच भिंत." एवढं एक वाक्य फाइलीत उतरलं आणि चित्र काढायला लागणारा वेळ दुपारभरावरून चहाभरावर आला. भेगांच्या भिंती तेवढ्या दिसायच्या. पडद्यावर ढेकूळ असं उभं राहायचं की फुंकर मारावी आणि माती उडावी.

माझं त्यांच्याकडे जाणं ढेकळासाठी नव्हतं हे कबूल करतो. मला प्रिंटर हवा होता, पत्रक छापायला. होस्टेलचं पाणी तोडलं होतं. चाळीस ओळींचं पत्रक घेऊन गेलो.

बाईंनी वाचलं. "जाहीर निषेध, तीव्र निषेध, जाहीर तीव्र निषेध. निषेध लय हाय. झालं काय पण?"

"पाणी तोडलंय, बाई."

"कोणी?"

"रेक्टरनं."

"कवा?"

"मंगळवारी. सकाळी."

"मग ह्याच्यात कुठं हाय ते?" आणि सुई. प्रत्येक ओळीच्या मधोमध टोचत गेल्या. "न्हाई. न्हाई. हितं बी न्हाई. हे काय, 'प्रस्थापितांच्या पाशवी वृत्तीचा कळस'? ह्याच्याखाली माती न्हाई रे." चाळीसातल्या चार ओळी उरल्या. मी इतका चिडलो की त्या चारच छापल्या, बाईंची फजिती व्हावी म्हणून. संध्याकाळी नळ सुटला. माझ्या चाळीस ओळींनी तोवर एकही नळ सोडला नव्हता, हे आमच्या विद्यार्थी संघटनेच्या बैठकीत मी अजून सांगितलेलं नाही.

तर करीचा दिवस. 'ढेकूळ' तोवर फ्लॉपीवरून तीन-चार कॉलेजांत गेली होती. लोक तिच्यात नुसती माती नव्हे, काय काय भरायला लागले होते. एकानं हाडाचा तुकडा भरला, एकानं पाव. हेडसाहेबांना परिषदेचं बोलावणं आलं होतं. ते चपला काढून आत आले, म्हणजे काम मोठं होतं. फाइलीची पहिली ओळ पडद्यावर होती, आणि तिच्यात बाईंचं नाव होतं.

"बाई, हे असं बरं दिसत नाही. काम विभागाचं आहे."

"व्हय सर. विभागाचं नाव लिवते की खाली."

"विभाग म्हणजे विभागप्रमुख. परिषदेत हंगामी सहायकाचं नाव कसं दाखवणार? माझं घाला."

बाईंनी खुर्ची मागं सरकवून साहेबांना कीबोर्डपाशी जागा करून दिली.

"तुम्हीच टाइप करा. मला ते एडिटर जमत नाही."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्याला स्वतःचं नाव टाइप करता येत नाही, त्याचं नाव त्या फाइलीवर लेखक म्हणून गेलं! बाईंच्या पुढच्या सहामाहीच्या नेमणुकीची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. दोघांनाही ते माहीत होतं, मलाही होतं. मी उठलो, तोंड उघडलं.

"बस खाली," बाई मला म्हणाल्या. आणि आपलं नाव एकेक अक्षर पुसलं. सावकाश. प्रत्येक अक्षराला साहेबांना वाट बघावी लागली. मग त्यांचं टाइप केलं. घड्याळात सव्वाअकरा.

परिषदेहून साहेब हार घेऊन आले. मग त्यांना हौस आली. बाहेरच्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करायचं ठरलं, नवं ढेकूळ घेऊन, आणि बाईंना वगळून. बाईंना चहाकडे बघायला सांगितलं. साहेबांनी दोन पोरांना हाताशी धरलं, ढेकूळ तासून घेतलं, थर भरून घेतले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा फक्त बाईंना माहीत होती; आम्ही पोरं समोर येईल तो थर नुसता वाचत गेलो होतो. बाई ढेकूळ उलटं ठेवून तळापासून तासत. त्यांच्या लायब्ररीत पहिला थर म्हणजे सगळ्यात खालचा. का? कारण त्यांच्या घरी कडब्याची गंजी लावतात ती खालूनच. "वरची पेंडी आधी कुठं ठिवणार, हवेत?" असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाटलंही नाही की कोणी वरून मोजेल. साहेबांनी अर्थातच वरून तासलं, वरचा थर पहिला दिला. 'ढेकूळ'नं तो इमानदारीत तळाला ठेवला.

हॉल भरलेला. पडद्यावर चित्र आलं. भेगा वर दोऱ्यासारख्या आणि खाली हात जाईल एवढ्या रुंद. प्रोग्रामात वरून पाणी सोडलं, ते वरच तुंबून राहिलं.

साहेबांनी चित्र वरून खाली पाहिलं. एकदाच. मग छडी पडद्यावर ठेवून म्हणाले, "मराठवाड्याच्या काळ्या मातीबद्दलचा हा नवा निष्कर्ष आहे. भेग भूगर्भात सुरू होते आणि वर येता येता निमुळती होते."

हैदराबादहून आलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा पुसला. दाराशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या इस्माईलचाचांना राहवलं नाही. "साब, बैल का पाँव तो ऊपर से अटकता!"

हसू फुटलं ते मागच्या बाकांवरून, शेतकऱ्यांच्या पोरांकडून. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या लायब्ररीत पहिला थर कोणता? वरचा की खालचा?"

साहेबांनी कागद चाळले. मग दाराकडे पाहिलं. "बाई, जरा सांगा ह्यांना."

बाई कप भरत होत्या. किटली खाली न ठेवता म्हणाल्या, "ज्यानं लिवलं त्यालाच ठाऊक असंल, सर."

मी आयुष्यात पुष्कळ घोषणा दिल्यात. त्या वाक्याइतकी नेमकी त्यातली एकही नव्हती. पाहुण्यांनी बाईंकडे नीट पाहिलं, कप घेतला, आणि उठून नमस्कार केला. एवढंच. पाहुणे गेले, आणि पुढच्या सहामाहीला बाईंची ऑर्डर निघाली नाही. कारण लेखी दिलं: पदाची आवश्यकता नाही. फाइलीवरचं नाव जसंच्या तसं राहिलं. पहिला थर कोणता, याची सूचना मात्र पुढच्या फ्लॉपीत घातली गेली, अर्थात साहेबांच्या नावानं.

बाई पूर्णेला एका शाळेत गणित शिकवायला लागल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पूर्णेच्या फलाटावर, याच वर्षी, हिवाळा सरता सरता. फाइलीवर बाईंचं नाव परत लावा, असा प्राचार्यांना अर्ज लिहून नेला होता. चारच ओळी, कोणी, कवा, काय. खाली त्यांच्या सहीची जागा सोडलेली.

बाईंनी बाकावर बसून वाचला. एक शब्द खोडला. "चांगला लिवलास."

"मग सही करा, बाई."

"न्हाई."

"का न्हाई? भ्यायलाव का?"

"आता कशाला भिऊ? ऑर्डर तर गेली." त्या हसल्या. "माझं नाव मीच मागत फिरायचं व्हय? लोकायला अडलं की पत्रं यायची विभागाला. त्येंना उत्तरं कोणी धाडली? आंतरदेशीय घिऊन, माझ्या अक्षरात, खाली माझी सही करून. तीस-चाळीस तरी असतील. ज्येंनी वापरलं त्येंना पक्कं ठाऊक हाय. त्येंनी सांगावं की."

"कोणी सांगणार नाही, बाई. लोक तसे नाहीत."

"इचारलंस का त्येंना?"

मी विचारलं नव्हतं. पॅसेंजर लागली. बाईंनी आधी एका म्हातारीचं बोचकं वर चढवलं, मग म्हातारीला, मग त्या चढल्या. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीशी बसून पोरांच्या वह्या तपासायला लागल्या होत्या. वर बघितलं नाही.

म्हणून आता विचारतो. तुम्हाला, जे हे वाचताय आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत 'ढेकूळ'ची फ्लॉपी आहे. तुम्ही अडला होतात तेव्हा तुम्हाला एक निळं आंतरदेशीय पत्र आलं होतं. ते तुमच्या कपाटात आहे. आज ते शोधून काढा, त्याची झेरॉक्स काढा, आणि परभणीच्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. सोबत एकच ओळ लिहा: आम्हाला हे काम कोणी शिकवलं ते आम्हाला माहीत आहे, त्यांचं नाव परत लावा. खाली तुमची सही करा. पूर्ण नाव, पत्त्यासह.